जाय

चिंचखेड, ता. दर्यापूर
१६ नोव्हेंबर

आदरणीय मोठेबाबा,
सप्रेम जय भीम.

फोनच करणार होते. पण मागच्या वेळी मी "मला बरं नाही" म्हटलं आणि तुम्ही "वा वा, छान" म्हणालात, तेव्हाच ठरवलं की आता पत्र. बाबाही तुम्हा थोरल्या भावाला पत्रच लिहायचे. एस.टी.च्या इंजिनाने तुमचे कान खाल्ले, डोळे तेवढे सोडले हे आपलं नशीब.

दिवाळीनंतर शाळेत रुजू झाले. शाळा छोटी, पोरं गोड आणि भाषा माझ्यासाठी अर्धी परकी. बाबा घरात वऱ्हाडी बोलले असते तर किती बरं झालं असतं! पण रत्नागिरीच्या पोस्टात जन्म काढून ते कोकणीच झाले होते. पहिल्याच आठवड्यात एक मुलगी म्हणाली, "मॅडम, मले हीव वाजून राह्यलं." आमच्याकडे हीव म्हणजे थंडीतापाचं हीव. मी तिच्या कपाळाला हात लावला, आशाताईंना निरोप धाडला, वर्गात धावपळ करून सोडली. शेवटी कळलं की पोरीला नुसती थंडी वाजत होती. आणि तुमच्या 'ळ'चं काय करू? शाळेला शाया, फळ्याला फया. श्रुतलेखनात 'कमळ' सांगितलं तर अर्ध्या वर्गाने 'कमय' लिहून ठेवलं.

थंडीबद्दल मात्र पोरं खरं बोलतात. रत्नागिरीत हिवाळा म्हणजे पंखा चारवरून दोनवर आणायचा आणि आंब्याला मोहोर आला का बघायचं. इथे दुपारी ऊन टाळूला चटके देतं आणि सूर्य कपाशीमागे गेला की लगेच दात वाजायला लागतात. मी एक चादर घेऊन आले आहे, हसू नका.

खोली मिळाली हे सांगायचंच राहिलं. चार घरांनी आडनाव विचारलं आणि मग त्यांची खोली अचानक रिकामी नव्हती. केशवराव म्हणून एक जण अमरावतीला राहतात, त्यांनी आडनाव विचारलं नाही, किल्ली दिली. गावाच्या कडेला टिनाचं घर आहे. पुढे एक खोली, मागे एक, त्यामागे भिंत आणि मग नुसती काळी जमीन. ही तीन वर्षं शिक्षणसेवक म्हणून निभावली की कायम होईन. आईचं सगळं आता माझ्यावरच आहे, त्यामुळे थंडीबिंडीची कुरकुर फक्त तुमच्यापाशी.

बाबा म्हणायचे, पातूरची थंडी वेगळी आणि दर्यापूरची वेगळी. खरंच का?

तुमची,
भावना


पातूर
२५ नोव्हेंबर

चि. भावना बेटा,
जय भीम आणि आशीर्वाद.

तुझा बाप खरं सांगत होता, पण अर्धंच. त्याने दोनच थंड्या पाहिल्या. मी मुक्कामी गाडीचा कंडक्टर. संध्याकाळी शेवटच्या गावी गाडी लावायची, गाडीतच झोपायचं आणि पहाटे पहिली फेरी घेऊन निघायचं. वऱ्हाडातल्या प्रत्येक गावची थंडी मी पाठीखाली घेतली आहे. या विषयात माझ्याशी कोणी वाद घालू नये.

ऐक. आमच्या पातूरला डोंगर पाठीशी आहे. रात्री घाटातून वारा उतरतो आणि गुडघे धरतो. ती थंडी येते, जाते, फिरत असते. अकोल्यात म्हणशील तर हिवाळा पाहुणा आहे. दिवसभर भिंती तापतात आणि अर्ध्या रात्रीपर्यंत ऊब सोडत नाहीत, पहाटे जरा पाहुण्यासारखा चहा पिऊन जातो. अमरावतीत थंडी असते पण लोक तिचा सण करतात, स्वेटरं दाखवत फिरतात. चिखलदऱ्याला दव गवतावर पांढरं होऊन बसतं, तिथे मी एकदा गाडीचं स्टिअरिंग धरलेल्या ड्रायव्हरची बोटं गरम चहाने सोडवली आहेत. यात थोडं मीठमसाला आहे, पण थोडंच.

तुझ्या दर्यापूरची गोष्ट निराळी. तो खारपाणपट्टा, खाऱ्या पाण्याचा सपाट मुलूख. झाडं नाहीत, डोंगर नाही, वाऱ्याला अडवणारं कोणी नाही. तिथली थंडी वरून येत नाही, काळ्या जमिनीच्या भेगांतून वर चढते. म्हणून खाली झोपू नकोस, बाज घे. चिंचखेडला माझा मुक्काम कधी पडला नाही, ती गाडी माझ्या जोडीच्या कंडक्टरकडे, सहदेवकडे होती. पण बाजूची सगळी गावं झाली आहेत.

चार घरांचं वाचून राग आला. तुझ्या बापाने त्यांना चार शब्द सुनावले असते. तू सुनावू नकोस, नोकरी नवी आहे. त्यांची पोरं शिकव, तेच पुरे.

तुरीच्या शेंगा भरल्या असतील, सोल्याची भाजी कर. आणि एक रजई विकत घे, चादरीवर वऱ्हाडचा हिवाळा निघत नाही.

तुझा,
देवराव मोठेबाबा


चिंचखेड
१० डिसेंबर

आदरणीय मोठेबाबा,
जय भीम.

रजई घेतली. बाज भागीरथाबाईंनी दिली, त्या माझ्या शेजारच्या. एकट्याच असतात, तोंडाने फटकळ आणि हाताने सढळ. सोल्याची भाजी त्यांच्याच हातची खाल्ली.

मागच्या आठवड्यात प्रशिक्षणाला अमरावतीला गेले होते. तुम्ही म्हणता तसंच, तिथे थंडीचा सणच आहे. परत आले, कुलूप काढलं, आणि मोठेबाबा, आत पाऊल टाकलं तर बाहेरच्यापेक्षा आत जास्त गार! मला वाटलं घर बंद होतं म्हणून असेल. पण रोज तसंच आहे. अंगणात उभं राहिलं तर स्वेटर पुरतो, मागच्या खोलीत रजईतही हुडहुडी भरते. विजेचा हीटर आणला तर फ्यूजच उडाला.

हे पत्र इथेच संपवणार होते. पण खोटं का लिहू? एक गोष्ट लपवते आहे. तुम्हाला ऐकू येत नाही म्हणून तुम्हालाच सांगते, असं समजा.

पहाटे उजाडायच्या आधी मागच्या भिंतीपलीकडून एक बाई बोलते. म्हातारीचा आवाज, बसलेला. ती एकच शब्द म्हणते, "जाय." थोडं थांबून पुन्हा, "जाय." ओरडत नाही, रागावत नाही, घरातल्या माणसाला सांगावं तसं सांगते. मी दोनदा बॅटरी घेऊन मागे गेले. कुणी नाही. नुसती जमीन, आणि धुई इतकी की माझाच हात दिसेना.

मी भुताखेतांना मानत नाही. आपल्या घरात हे कधी शिकवलं गेलं नाही आणि बाबांना सांगितलं असतं तर ते पोट धरून हसले असते. म्हणून आधी वाटलं, गावातलंच कुणीतरी मला घालवायला बघतंय. आडनाव आता सगळ्यांना कळलं आहे. पण मग भागीरथाबाईंना विचारलं, तर त्या भांडी घासायच्या थांबल्या. म्हणाल्या, "त्या घरात कोनी हिवाया काढला नाई माय. पाडव्याले येतात, दिवायीले जातात." मी विचारलं, काहून? तर म्हणाल्या, "मी काई सांगत नाई. मले याच गल्लीत राहाचं हाय."

मला भीती वाटते. लिहायला लाज वाटते, पण वाटते. दुसरी खोली कुणी देणार नाही, आणि दर्यापूरहून रोज येणं-जाणं करायचं तर पहिली जीप शाळा भरल्यावर येते. घर सोडलं तर नोकरी सोडल्यासारखंच आहे. काय करू?

भावना


पातूर
१७ डिसेंबर

चि. भावना,
आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं, आधी घाबरलो आणि मग इतका हसलो की पिंटू काठी घेऊन धावत आला. पिंटू म्हणजे माझा नातू, त्याला वाटलं म्हाताऱ्याला झटका आला.

अगं वेडे, पोरं शाळेला शाया म्हणतात हे तूच मला लिहिलंस ना? मग जाळाला काय म्हणतील? जाय! पहाटे हीव वाजायला लागलं की वऱ्हाडातली प्रत्येक म्हातारी सुनेला हेच सांगते, "जाय कर वं, जाय." म्हणजे चूल पेटव, शेकोटी कर. माझी अर्धी नोकरी या शब्दाने उठण्यात गेली. मुक्कामी गाडीत पहाटे कुठूनतरी "जाय, जाय" ऐकू यायचं आणि आम्ही त्या घरी शेकायला जायचो. नवीन असताना मलाही वाटलं होतं की ही बाई मला हाकलते आहे. मी पार गाडीत जाऊन बसलो! सहदेव अजून चिडवतो.

सपाट जमिनीवर थंड हवेत आवाज लांबून येतो. कुठल्यातरी शेतातल्या घरातली सासू असेल. तू रत्नागिरीची, तुला 'जा' ऐकू आलं. मी वऱ्हाडचा, मला 'जाळ' ऐकू येतो, तोही कान नसताना. तुला कोणी घालवत नाही, उलट शेकायला सांगत आहेत.

तेव्हा त्या म्हातारीचं ऐक आणि जाळ कर. कोळशाची शेगडी आण, अंगणात चांगली फुलव, आणि रात्री खोलीत बाजेजवळ ठेव. खिडकीला पोतं लाव, दाराखालची फट बुजव, म्हणजे ऊब बाहेर जाणार नाही. आम्ही गाडीत असंच करायचो. मधल्या जागेत शेगडी ठेवायची, दोन्ही दारं ओढून घ्यायची, सकाळी घाम आलेला असायचा. तीस वर्षं केलं, काही झालं नाही. थंडीला घाबरायचं नसतं, तिला बाहेर ठेवायचं असतं.

नोकरी सोडायचं नाव काढू नकोस. माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन महिनाअखेरीस अकोल्याला आहे. म्हणजे तुझं पुढचं पत्र एका डोळ्याने वाचावं लागेल, जरा मोठ्या अक्षरात लिही.

देवराव


चिंचखेड
२६ डिसेंबर

आदरणीय मोठेबाबा,
जय भीम.

हे घ्या मोठं अक्षर. तुम्ही माझी नोकरी वाचवलीत. जाळ म्हणजे जाय, इतकी साधी गोष्ट, आणि मी बॅग भरून ठेवली होती. तुमचं पत्र वाचून मीही हसले, मग थोडी रडलेसुद्धा.

शेगडी आणली. पहिल्या रात्री नुसती ठेवली, खिडकी उघडी होती, तर पहाटे तिचं "जाय" आलंच. मी रजईतूनच म्हटलं, "केलाय वं माय, केलाय जाळ." पण ती थांबली नाही. उलट लागोपाठ म्हणत राहिली. मग दुसऱ्या दिवशी तुम्ही सांगितलं तसं खिडकीला पोतं ठोकलं, दाराखाली गोधडी कोंबली. त्या रात्री काहीच ऐकू आलं नाही. अशी झोप लागली की पोरं शाळेच्या वाटेवरून हाका मारून गेली तरी कळलं नाही. मुख्याध्यापक पहिल्यांदाच रागावले.

सकाळी डोकं जड असतं आणि जरा मळमळतं. सर्दी आतल्या आत मुरली असणार. एक मुलगी म्हणाली, "मॅडम, तुमचं तोंड लाल लाल दिसून राह्यलं." मी म्हटलं, वऱ्हाडचा हिवाळा मानवला मला!

मागच्या खोलीतली थंडी मात्र हट्टी आहे. टिन आणि भिंत यांच्यामध्ये वर लांबलचक फट आहे, तिथून वारा येतो. भागीरथाबाईंचा फरदडीचा, म्हणजे शेवटच्या वेचणीचा, कापूस पडून आहे, तो मागितलाय. मिळाला की ती फटही बुजवून टाकते. त्यांना जाळाची गंमत सांगितली तर हसल्या नाहीत. म्हणाल्या, "इकडं वावरात कोनाचं घर हाय व? मले तं दिसत नाई." त्यांचं सोडा, त्या पिठलंही भुतांना दाखवून खातात.

ऑपरेशन नीट होऊ द्या. डोळा चोळू नका.

तुमची,
भावना


अकोला
३० डिसेंबर, दुपारी

भावना,

हे अक्षर पिंटूचं आहे, माझ्या डोळ्यावर पट्टी आहे. मी सांगतो आणि तो लिहितो. आधी हे वाच, बाकीचं नंतर वाच. शेगडी खोलीबाहेर काढ. खिडकीचं पोतं काढ. कापूस लावला असशील तर तो ओढून टाक. आणि आजची रात्र त्या घरात झोपू नकोस. भागीरथाबाईंच्या पायरीवर झोप, पण तिथे नको.

सहदेव, चिंचखेडला मुक्कामाला जायचा तोच, मला भेटायला दवाखान्यात आला. तुझं पत्र उशाशी होतं, मी ते त्याला कौतुकाने वाचायला लावलं. वाचता वाचता त्याने पत्र खाली ठेवलं. मग माझ्या कानाशी येऊन बोलला, इतक्या मोठ्याने की अख्ख्या वॉर्डाने ऐकलं.

त्या घरात एक बाई, तिचा नवरा आणि त्यांचं लेकरू होतं. नवऱ्याची म्हातारी आई मागच्या भिंतीच्या आडोशाला झोपायची, तिला धुराने खोकला व्हायचा. एका हिवाळ्यात त्यांनी शेगडी आत घेतली आणि सगळं बुजवलं. कोळशाचा विषारी वायू भरला. सकाळी म्हातारीने दार ठोठावलं, कोणी उघडलं नाही. तिघंही झोपल्यासारखीच पडली होती, तोंडं लाल. त्यानंतर म्हातारीने त्या घरात पाय ठेवला नाही. भिंतीशी बसून राहायची आणि हिवाळ्यात कोणी राहायला आलं की पहाटे त्यांना सांगायची, जाय. ती जाऊनही आता पुष्कळ वर्षं झाली.

मी सहदेवला म्हटलं, ती जाळ म्हणत असेल. तो म्हणाला, "नाई देवराव. ते बुढी इकडची नव्हती. हिंगोलीकडची होती, तिच्या तोंडी ळ साफ होता. आमी तिले चिडवत होतो, बुढे, जाय म्हन. तं ते म्हने, जाय म्हंजे जा, अन् जाळ म्हंजे जाळ, तुमच्या जिभा वळत नाहीत तर मी काय करू."

ती तुला जा म्हणत होती. पहिल्यापासून तू बरोबर ऐकलंस आणि मी बहिरा असून तुला शिकवलं.

मी भूत मानत नाही. पण तुझं डोकं जड होतं, तोंड लाल होतं, हे तर तू स्वतःच्या हाताने लिहिलं आहेस. पिंटूने सकाळपासून फोन लावले, तुझा लागत नाही, शाळेचा नंबर कोणी उचलत नाही. मला इथे एकटं सोडून त्याला निघता येत नाही. म्हणून हे पत्र घेऊन तो स्टँडवर पळतो आहे. दर्यापूरच्या कंडक्टरने ते चिंचखेडच्या मुक्कामी गाडीवाल्याच्या हातात द्यायचं आणि त्याने तुझ्या हातात. एस.टी.चे लोक माझा शब्द मोडणार नाहीत. बेटा, वाच आणि बाहेर पड.

देवराव


दर्यापूर, सरकारी दवाखाना
२ जानेवारी

मोठेबाबा,

मी जिवंत आहे. हे पहिलं वाक्य डॉक्टरांनीच लिहायला सांगितलं.

त्या दिवशी शाळेतून आल्यावर वरच्या फटीत कापूस भरला. अंग कसकसत होतं, म्हणून अंधार पडताच शेगडी आत घेऊन आडवी झाले. फोन तर आदल्या रात्रीपासूनच बंद पडला होता, वीज नव्हती. पुढचं मला काही आठवत नाही. जे सांगते आहे ते कंडक्टरचं ऐकून.

मुक्कामी गाडी लागल्यावर तो विचारत विचारत घराशी आला. अमरावतीचा तरुण मुलगा आहे, या गावात पहिल्यांदाच मुक्काम. त्याने दार वाजवलं, हाका मारल्या. आत काहीच हालचाल नाही, तेव्हा मॅडम झोपल्या असतील, पत्र सकाळी देऊ, असं म्हणून तो वळला. तेवढ्यात घराच्या मागून कुणीतरी म्हणालं, "जाय." त्याला वाटलं, रात्रीचं परक्या बाईच्या दारात आल्याबद्दल घरातली म्हातारी हाकलते आहे. तो सांगत होता, "मी म्हटलं, आजी, चाललो, चाललो. तं ते कोपऱ्यापाशी आली, डबल म्हने, जाय, अन् दाराकडं हात करे. म्या म्हटलं, आत जाऊ का? तं मान हालवली."

त्याने दाराला कान लावला, मग भागीरथाबाईंना उठवलं आणि दोघांनी मिळून कडी तोडली.

काल तो मला भेटायला आला, बिस्किटांचा पुडा घेऊन. जाताना त्याने विचारलं, "मॅडम, तुमची आजी कुठं गेली? गडबडीत तिले कोनी आत घेतलं का नाई? लय हीव होतं." मी त्याला काय सांगणार? म्हटलं, ती आत येत नाही.

तुमचं पत्र इथे येऊन वाचलं. तुम्ही स्वतःला दोष देऊ नका. मी शिकलेली बाई, विज्ञान शिकवते, डोकं जड झालं तेव्हाच मला कळायला हवं होतं. रत्नागिरीत कुणी शेगडी घेऊन झोपत नाही, म्हणून हा विचार कधी शिवलाच नाही.

आता पट्टी निघाली का?

भावना


पातूर
८ जानेवारी

चि. भावना,

पट्टी निघाली. दिसायला लागलं आणि जे दिसलं ते बरं नाही. दवाखान्यातून येताना अकोल्याच्या स्टँडवर एक जुनी गाडी उभी होती. मी तिच्याकडे बघत उभा राहिलो. निम्म्या खिडक्यांना काचा नाहीत, दार लागत नाही, पायरीपाशी पत्रा सडून रस्ता दिसतो. अशा गाडीत आम्ही तीस वर्षं शेगडी ठेवून झोपलो आणि वर म्हणत होतो, काही झालं नाही. होणार कसं? सगळीकडून वारा येत होता. आम्ही त्या वाऱ्याला शिव्या देत होतो आणि तोच आम्हाला जगवत होता.

मी त्या स्टँडवर रडलो, बेटा. लोकांना वाटलं ऑपरेशनचं पाणी आहे. तुझ्या बापाची एकुलती एक पोर, आणि मी माझ्या फुशारकीपायी तिला मारत होतो.

सगळं सोड आणि पातूरला ये. नोकरी गेली तर गेली, माझी पेन्शन दोघांना पुरते. त्या गावात आता राहू नकोस.

देवराव मोठेबाबा


चिंचखेड
२० जानेवारी

आदरणीय मोठेबाबा,
सप्रेम जय भीम.

तुमचं पत्र उशाशी ठेवलं आहे. पण मी येणार नाही, रागावू नका. भागीरथाबाईंनी मला त्यांची पुढची खोली दिली. मी आडनावाचं म्हटलं तर म्हणाल्या, "मी तुले खांद्यावर घेऊन भाहीर काढलं, तवा कुठं आडनाव पाह्यलं वं?" तेव्हा माझं घर झालं आहे आणि नोकरीही आहे. रात्री शेकायचं ते अंगणात, झोपताना खिडकी बोटभर उघडी.

आता जे सांगते त्याचा शेवट चांगला आहे, हे आधी सांगून टाकते. ती माणसं शाळेच्या धान्याच्या खोलीत सुखरूप राहायला आली आहेत. आता वाचा.

संक्रांतीनंतर केशवरावांनी ते घर पुन्हा भाड्याने दिलं. मेळघाटातून तुरीच्या कापणीला आलेलं एक जोडपं, त्यांच्याबरोबर पाळण्यातलं लेकरू. त्यांनी टिनाखाली गवत कोंबलं आणि आत जाळ केला. मी धावत गेले. त्यांना कोळशाचं, वायूचं सगळं समजावून सांगितलं, माझी गोष्टही सांगितली. नवरा नम्रपणे ऐकून म्हणाला, त्यांच्याकडे थंडीत रात्रभर घरातच जाळ असतो, आजोबा-पणजोबांपासून, कधी काही झालं नाही. मला तुमची गाडी आठवली. डोंगरात त्यांच्या घराच्या भिंती बांबूच्या तट्ट्यांच्या असतात, चहूकडून वारा खेळतो. मी तेही सांगितलं. पण केशवरावांनी त्यांना आधीच सांगून ठेवलं होतं की मॅडमला ते घर परत हवं आहे, म्हणून ती काहीबाही सांगेल. बायको माझ्याकडे बघून नुसती हसली आणि लेकराला पदराखाली घेतलं. सरपंचांकडे गेले, ते लग्नाला गावाला गेले होते.

मला झोप आली नाही. आज पहाटे उठले, धुई मरणाची पडली होती. त्या घराच्या दारावर थापा मारल्या, कोणी उठलं नाही. मग मला सुचेना, आणि मी मागे गेले. जिथे ती बसायची तिथे, भिंतीला अगदी टेकून उभी राहिले. मोठेबाबा, मला माझीच लाज वाटत होती आणि भीतीही वाटत होती, पण आतल्या लेकराचा आवाज येत नव्हता याची भीती जास्त होती. घसा बसलेला होता. सगळा जीव एकवटून मी भिंतीला तोंड लावलं आणि म्हटलं, "जाय."

एकदाच म्हटलं. त्यापुढे आवाज फुटलाच नाही.

आत काहीतरी पडलं. लेकरू किंचाळलं. मग कडी निघाली आणि ती बाई लेकराला छातीशी धरून धडपडत अंगणात आली, तिच्या मागे नवरा, भिंत धरत. मी कोपऱ्यावरून पुढे झाले, तशी ती दचकून दोन पावलं मागे सरली. माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या बाजूच्या धुईकडे पाहिलं, आणि खोकत खोकत विचारलं, "कौन हो बाई तुम दोनों?"

तुमची,
भावना